सध्याच्या कार्यालयात न कळता संदर्भासाठी कोणाची नावे द्यावीत?

जमाखर्च (प्रश्न)

नमस्कार. मी डोंबिवलीला राहते आणि अंधेरी पूर्वेला, सहार कार्गो संकुलाजवळच्या एका मध्यम आकाराच्या कस्टम्स क्लिअरिंग कंपनीत लेखा विभागात काम करते. ऐरोलीतील एका कंपनीत वरिष्ठ लेखापालाच्या पदासाठी माझ्या मुलाखती झाल्या असून त्या चांगल्या झाल्या, असे मला वाटते. आता तिथल्या एचआरने एक अर्ज पाठवला आहे आणि त्यात तीन संदर्भ मागितले आहेत. प्रत्येकाचे नाव, हुद्दा, कार्यालयीन ई-मेल, मोबाइल क्रमांक, माझ्याशी असलेले कामाचे नाते आणि एकत्र काम केल्याचा कालावधी लिहायचा आहे. त्यांपैकी एक व्यक्ती सध्याचे रिपोर्टिंग मॅनेजर असावेत, अशी अट आहे. ऑफर लेटर मात्र अजून हातात आलेले नाही.

माझी अडचण इथूनच सुरू होते. सध्याच्या साहेबांना मी नोकरी शोधते आहे हे ठाऊक नाही. आमच्याकडे नोटीस पीरियड तीन महिन्यांचा आहे आणि बोलणी फिसकटली, तर मला इथेच काम करत राहायचे आहे. त्याआधी मी एका ट्रेडिंग कंपनीत होते. 1 जुलै 2017 रोजी जीएसटी लागू झाला, तेव्हा तिथली सगळी खाती व्हॅट आणि सेवा कराच्या पद्धतीतून नव्या पद्धतीत आणण्याचे काम आमच्या फायनान्स मॅनेजरच्या हाताखाली मी केले होते. ती कंपनी पुढे बंद पडली आणि ते मॅनेजर आता पुण्याला आहेत. त्याच्याही आधी फोर्टमधल्या एका सीए फर्ममध्ये मी काम शिकले. तिथले सर आता व्यवसायातून निवृत्त झाले आहेत आणि त्यांच्याकडे केवळ वैयक्तिक ई-मेल आहे. मधल्या काळात बाळंतपणासाठी मी काही काळ घरी होते.

माझे मामा मंत्रालयातून अवर सचिव म्हणून निवृत्त झाले. एवढ्या मोठ्या हुद्द्याच्या माणसाचे नाव घातले तर वजन पडेल, असे घरच्यांचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही, पण माझ्याकडे दुसरी नावेही फारशी नाहीत. कोणाची नावे द्यावीत आणि देण्यापूर्वी त्यांना काय सांगावे, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

भरती विभाग

नमस्कार ताई. मी गेली बरीच वर्षे मुंबई आणि नवी मुंबईतील खासगी कंपन्यांसाठी भरतीचे काम पाहतो, त्यामुळे असे अर्ज आमच्या बाजूने कसे हाताळले जातात ते सांगतो.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करू, कारण अर्जात त्या एकाच पानावर येतात आणि उमेदवारांची गल्लत होते. पहिली म्हणजे बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन, ज्याला आम्ही बीजीव्ही म्हणतो. हे काम बहुधा बाहेरच्या एजन्सीकडे दिलेले असते. एजन्सी जुन्या कंपनीच्या एचआरला लिहून रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, हुद्दा आणि काही थकबाकी राहिली आहे का, एवढेच पडताळते, आणि अनेक कंपन्या याहून अधिक काही सांगायचे नाही हे धोरण म्हणूनच पाळतात. दुसरी म्हणजे संदर्भाची चौकशी. तिच्यात ज्याने तुमचे काम पाहिले आहे अशा माणसाशी नव्या कंपनीचा माणूस बोलतो आणि कागदावर न दिसणारे विचारतो: महिनाअखेरीला कामाचा ताण आला की या बाई कशा वागतात, चूक सापडली तर ती सांगतात की झाकतात, हाताखालच्या मुलांना शिकवतात का. तुम्हाला मागितलेली तीन नावे या दुसऱ्या कामासाठी आहेत.

म्हणून नाव निवडताना हुद्दा पाहू नका, त्या माणसाने तुमचे काम किती जवळून पाहिले आहे ते पाहा. तुमच्या मामांच्या पदाविषयी मला पूर्ण आदर आहे, परंतु तुम्ही ताळेबंद कसा जुळवता हे त्यांनी पाहिलेले नाही, आणि फोनवर तिसऱ्या प्रश्नाला ते उघड होते. शिवाय नातेवाईक चालणार नाहीत असे बहुतेक अर्जांत स्पष्ट लिहिलेले असते, आणि नाते लपवल्याचे नंतर कळले तर झालेली निवडही अडचणीत येते. सरकारी नोकरीत राजपत्रित अधिकाऱ्याचे वर्तणुकीचे प्रमाणपत्र मागतात, ती वेगळी गोष्ट आहे, आणि तिथेही ते नात्यातल्या माणसाचे चालत नाही.

सध्याच्या साहेबांच्या रकान्यात त्यांचे नाव आणि क्रमांक लिहून पुढे ‘कृपया आत्ता फोन करू नये’ असा शेरा मारणे, हे अनेक जण करतात आणि ते धोक्याचे आहे. अर्ज एचआरकडून एजन्सीकडे जाताना नाव आणि क्रमांक एका तक्त्यात उतरवले जातात, शेरा मात्र मागे राहतो, आणि एजन्सीतला मुलगा आपले काम म्हणून फोन करून मोकळा होतो. त्यामुळे क्रमांक देऊच नका. त्या रकान्यात असे लिहा: “मी सध्याच्या कंपनीत अद्याप राजीनामा दिलेला नाही. लेखी ऑफर मिळून मी राजीनामा सादर केल्यानंतर सध्याच्या व्यवस्थापकांचा तपशील देईन. तोपर्यंत कृपया खालील व्यक्तींशी संपर्क साधावा.” हेच एचआरला ई-मेलनेही कळवा. ही विनंती आमच्याकडे नेहमी येते आणि समंजस एचआर ती मान्य करते. ती मान्य न करणारी कंपनी भेटली, तर तिथे जावे का याचा मी तरी पुन्हा विचार करीन.

यातच एक सावधगिरी बाळगा. ऑफर लेटरमध्ये बहुधा ‘पडताळणी समाधानकारक झाल्यास’ अशी अट असते. राजीनामा देण्यापूर्वी कोणकोणती पडताळणी बाकी आहे आणि ती केव्हा पूर्ण होईल हे लेखी विचारून घ्या, म्हणजे नोटीस सुरू झाल्यावर टांगणीला लागावे लागणार नाही.

सध्याच्या कंपनीतल्या कामाविषयी बोलणारे कोणी तरी हवेच, नाहीतर अलीकडच्या काही वर्षांबद्दल कोणीच काही सांगत नाही असे चित्र उभे राहते. यासाठी सर्वांत योग्य माणूस म्हणजे तुमच्या कंपनीत तुमच्यापेक्षा वरच्या पदावर असलेला आणि आता ती सोडून गेलेला सहकारी. कंपनीचे लेखापरीक्षक तुमचे काम उत्तम ओळखत असले तरी त्यांना आत्ता विचारू नका. त्यांची बांधिलकी तुमच्या मालकांशी आहे, आणि तुमची गोष्ट मालकांपासून लपवण्याचा भार त्यांच्यावर टाकणे योग्य नाही. जुन्या ग्राहकांचेही तेच.

फोर्टच्या सरांचे नाव जरूर द्या. कार्यालयीन ई-मेल नाही म्हणून एजन्सी आक्षेप घेते, कारण वैयक्तिक ई-मेल कोणीही उघडू शकतो. त्यावर उपाय असा की त्यांचा सीए संस्थेचा सदस्यत्व क्रमांक, त्यांची परवानगी घेऊन, सोबत द्यावा. त्यांनी सही केलेल्या जुन्या लेखापरीक्षण अहवालांवर तो असतोच. पुण्याच्या मॅनेजरांचा मात्र आताच्या कंपनीतला ई-मेल चालेल, फक्त ‘त्या वेळचा हुद्दा’ आणि ‘आताचा हुद्दा’ हे दोन्ही स्पष्ट लिहा.

वागळे इस्टेट

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. मी ठाण्यातील एका उत्पादन कंपनीत विभागप्रमुख असून माझ्या हाताखालून गेलेल्या मुलामुलींसाठी संदर्भाचे फोन मला नेहमी येतात. त्यामुळे ज्याचे नाव दिले जाते त्या माणसाची बाजू मांडतो, कारण तिचा विचार क्वचितच कोणी करते.

बहुतेक वेळा मला काहीच कल्पना नसते. संध्याकाळी कुर्ला आणि घाटकोपरच्या मधे गर्दीत उभा असताना अनोळखी क्रमांकावरून फोन येतो, समोरची व्यक्ती एक नाव सांगते आणि विचारते की यांच्याबद्दल काय सांगाल. पाच वर्षांपूर्वी आमच्याकडे असलेली व्यक्ती कोणत्या पदासाठी प्रयत्न करते आहे हे मला ठाऊक नसते. अशा वेळी मी प्रामाणिकपणे एवढेच म्हणू शकतो की ‘हो, चांगले काम होते’, आणि या वाक्याने कोणाचेही भले होत नाही. उलट पलीकडच्या माणसाला वाटते की मी हात आखडता घेतो आहे. उमेदवार लायक असतो, मला त्याच्याविषयी आपुलकी असते, आणि तरीही केवळ पूर्वसूचना नसल्याने त्याच्या हिताचे जे बोलता आले असते ते राहून जाते. याचे मला मनापासून वाईट वाटते.

म्हणून ताई, तिघांनाही आधी स्वतः फोन करा. ‘तुमचे नाव दिले तर चालेल ना?’ असे विचारले की समोरचा माणूस भिडेपोटी हो म्हणतो. त्याऐवजी असे विचारा: “माझ्या कामाबद्दल तुम्हाला सविस्तर आणि अनुकूल बोलता येईल, असे वाटते का? आत्ता वेळ नसेल किंवा तितके आठवत नसेल, तर निःसंकोच सांगा, मी दुसरे नाव देईन.” नाही म्हणायला वाट मोकळी ठेवली की जो हो म्हणतो त्याचे हो खरे असते. उत्तर देताना तो रेंगाळला, ‘बघू’ म्हणाला, तर आभार मानून दुसऱ्या नावाकडे वळा. कोमट बोलणारा मोठा साहेब आणि जीव ओतून बोलणारा तुमचा जुना वरिष्ठ लेखापाल यांत मी नेहमी दुसऱ्याला पसंती देईन.

होकार मिळाल्यावर एक ई-मेल किंवा व्हॉट्सअॅप संदेश पाठवा. तो एका पानाहून मोठा नसावा. त्यात कंपनी कोणती, पद कोणते, फोन साधारण कोणत्या आठवड्यात येईल, आणि त्या पदासाठी कोणते गुण पाहिले जात आहेत, एवढे यावे. सोबत तुमचा सध्याचा बायोडेटा जोडा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्या माणसाबरोबर तुम्ही केलेल्या दोन-तीन कामांची आठवण द्या, तीही नेमकी. उदाहरणार्थ, पुण्याच्या साहेबांना मी असे लिहिले असते:

“सर, ऐरोलीच्या कंपनीत जीएसटी विवरणपत्रे आणि पुरवठादारांच्या खात्यांचा ताळमेळ हे मुख्य काम असेल. 2017 मध्ये आपण जुन्या व्हॅटची शिल्लक नव्या पद्धतीत आणली, तेव्हा पुरवठादारांची यादी तपासण्याचे काम आपण माझ्याकडे सोपवले होते, आणि ज्यांचे जीएसटी क्रमांक आले नव्हते त्यांचा पाठपुरावा मी केला होता. आपल्याला योग्य वाटल्यास त्याचा उल्लेख करावा. आपल्याला जे आठवते आणि पटते तेच आपण सांगावे. आपल्याला कोणत्या वेळी फोन आलेला सोयीचा पडेल तेही कळवावे, म्हणजे मी एचआरला तशी विनंती करीन.”

शेवटची दोन वाक्ये गाळू नका. वेळ कळवली तर फोन लोकलमध्ये येत नाही. आणि काय सांगायचे ते त्या माणसावर सोपवले, तर तो तुमच्यासाठी मोकळ्या मनाने बोलतो. न केलेल्या कामाचे श्रेय द्यायला कोणालाही सांगू नका, पगार किंवा कालावधी वाढवून सांगायला तर मुळीच नाही. मला असे सांगणारे उमेदवार भेटले आहेत, आणि त्यानंतर मी त्यांच्यासाठी एकही फोन घेतलेला नाही.

काय विचारतात, तेही सांगतो, म्हणजे तिघांनाही कल्पना देता येईल. किती काळ एकत्र काम केले, जबाबदारी काय होती, सर्वांत चांगले काम कोणते, कंपनी का सोडली, आणि संधी मिळाली तर पुन्हा घ्याल का. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला मी किती वेळ घेतो, इकडे पलीकडच्या माणसाचे बारीक लक्ष असते. आणि सुधारणेला वाव कुठे आहे, हा प्रश्न हमखास येतो. त्यावर ‘काहीच नाही’ म्हटले तर कोणी विश्वास ठेवत नाही. मुलाखतीत तुम्ही स्वतःचा जो उणेपणा सांगितला असेल, तो या तिघांना कळवून ठेवा. तुम्ही सांगितलेला आणि त्यांनी सांगितलेला उणेपणा जुळला, की तुम्ही स्वतःला ओळखता हे समोरच्याला दिसते.

‘ज्यांच्याशी संबंधित असेल त्यांना’ असा मायना असलेले शिफारसपत्र मात्र मिळवण्याच्या खटपटीत पडू नका. मी तरी अशी पत्रे वाचून कोणालाही घेतलेले नाही.

पुनरारंभ

शिफारसपत्राच्या बाबतीत माझे मत थोडे वेगळे आहे. मीही मुलीच्या जन्मानंतर काही वर्षे घरी राहून पुन्हा नोकरीला लागले. मधल्या काळात माणसे निवृत्त होतात, क्रमांक बदलतात, आजारी पडतात. फोर्टच्या सरांसारखी व्यक्ती आज उपलब्ध आहे, पण पुढच्या नोकरीच्या वेळी असेलच असे नाही. त्यामुळे त्यांच्याकडून त्यांच्या लेटरहेडवर किंवा निदान सही, तारीख आणि सदस्यत्व क्रमांकासह एक पत्र आत्ताच घेऊन ठेवावे. त्यात विशेषणे नकोत, कोणत्या वर्षी कोणत्या प्रकारच्या कंपन्यांचे लेखापरीक्षण तुम्ही केले, एवढे नेमके असावे. ते फोनची जागा घेणार नाही, हे वागळे इस्टेट यांचे म्हणणे मला मान्य आहे. परंतु फोन करायला माणूसच उरला नाही, तर तेवढाच आधार राहतो.

बंद पडलेल्या कंपनीबद्दल कोणी फारसे लिहिले नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. तिथे एचआर उरलेली नसल्याने एजन्सीचा ई-मेल परत येतो आणि अहवालात ‘पडताळणी होऊ शकली नाही’ असा शेरा पडतो. तो शेरा तुमच्याविरुद्ध नसतो, पण निर्णय लांबतो. तुमचा यूएएन (भविष्य निर्वाह निधीच्या सदस्याला मिळणारा, नोकरी बदलली तरी कायम राहणारा क्रमांक) असेल, तर भविष्य निर्वाह निधीच्या सदस्य पोर्टलवर ‘सर्व्हिस हिस्टरी’ या ठिकाणी त्या कंपनीचे नाव आणि रुजू झाल्याची तारीख दिसते. सोडल्याची तारीख बंद पडलेल्या कंपनीने भरलेली नसणे, हा नेहमीचा प्रकार आहे. नोकरी सोडून दोन महिने उलटल्यावर ती तारीख सदस्याला स्वतः आधार ओटीपीच्या साहाय्याने भरता येते. ती रिकामी असेल तर दोन नोकऱ्या एकाच वेळी चालू होत्या असा भास होतो, म्हणून अर्ज पाठवण्यापूर्वी तेवढे तपासून घ्या. भरताना बायोडेटातली आणि रिलीव्हिंग लेटरवरची तारीख एकच आहे ना, तेही पाहा.

त्याखेरीज त्या वर्षांचे फॉर्म 16 (पगारातून कापलेल्या कराचे कंपनीने दिलेले प्रमाणपत्र), फॉर्म 26एएस (आयकर खात्याकडची कापलेल्या कराची नोंद) आणि पगार जमा झाल्याचे बँकेचे उतारे चालतात. कंपनी नोंदणीकृत असेल, तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर तिची स्थिती कोणालाही पाहता येते. ती नोंद एचआरला आपणहून दाखवली, की कंपनी बंद झाल्याचे त्यांना तुमच्या शब्दावर मानावे लागत नाही.

बाळंतपणाच्या काळाबद्दल तिघांनाही एक वाक्य सांगून ठेवा. तुम्ही केव्हा थांबलात आणि केव्हा परतलात हे त्यांना ठाऊक नसेल, तर तारखांचा घोळ त्यांच्या तोंडून होतो, आणि मग नसलेली शंका उभी राहते.

आणखी एक. संदर्भ देणाऱ्यांचे क्रमांक बायोडेटावर छापू नका. नोकरीच्या संकेतस्थळांवर चढवलेला बायोडेटा असंख्य कन्सल्टंटकडे फिरतो, आणि आपल्या भल्यासाठी हो म्हणणाऱ्या माणसाला दिवसभर भलतेच फोन येऊ लागतात. ‘मागणीनुसार संदर्भ दिले जातील’ हे वाक्यही लिहायची गरज नाही. निवड अंतिम टप्प्यात आली आणि एचआरने मागितले, की त्याच वेळी द्यावेत.

जमाखर्च

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. पुण्याच्या साहेबांशी आजच बोलले. त्यांना 2017 चे काम माझ्याहून अधिक तपशिलात आठवत होते आणि त्यांनी दुपारी तीन ते पाच ही वेळ दिली आहे. फोर्टचे सर पत्र देणार आहेत आणि फोनवरही बोलतील. सध्याच्या कंपनीतून मागच्या वर्षी दुसरीकडे गेलेल्या एक वरिष्ठ मॅडम आहेत, त्यांचे नाव तिसरे. परंतु त्या माझ्या विभागात नव्हत्या, बिलिंग विभागाच्या प्रमुख होत्या. दर महिन्याला आमच्या दोन विभागांचा ताळमेळ मी आणि त्या मिळून करत असू. त्या माझ्या थेट वरिष्ठ नव्हत्या, हे चालेल का? आणि मामांना वाईट न वाटता कसे सांगावे?

सोडल्याच्या तारखेबद्दल: पोर्टलवर ती खरोखरच रिकामी होती. आता भरली आहे.

भरती विभाग

चालेल, फक्त नात्याच्या रकान्यात ‘वरिष्ठ, अन्य विभाग, मासिक ताळमेळाचे संयुक्त काम’ असे जसे आहे तसे लिहा. रिपोर्टिंग मॅनेजर म्हणून त्यांचे नाव टाकू नका, कारण पहिलाच प्रश्न तो असतो. अन्य विभागाचा माणूस तुमच्याविषयी चांगले बोलतो तेव्हा त्याला वेगळी किंमत असते, कारण त्याला तुमच्याकडून काम करून घेण्याचा अधिकार नव्हता आणि तरीही काम नीट झाले.

मामांना सरळ सांगा की कंपनीच्या नियमांत नातेवाईक बसत नाहीत. शासनात आयुष्य घालवलेल्या माणसाला हे कारण लगेच पटेल.

क्रम लावताना पुण्याचे साहेब पहिले, मॅडम दुसऱ्या आणि सर तिसरे ठेवा. एचआर बहुधा वरून सुरुवात करते आणि दोन फोन समाधानकारक झाले की पुष्कळदा तिसरा करत नाही. निकाल कोणताही लागो, तिघांनाही तो तुम्ही स्वतः कळवा.